फॉरमॅट करण्याआधी घड्याळ पाहा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. निपाणीजवळच्या एका खेड्यात माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. संगणक एकच आहे, जुना, विंडोज 7 चा. पावसाळ्यापासून त्यावरचा क्रोम नीट चालत नाही. सकाळी बँकेचे किंवा विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडायला गेले की ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असे इंग्रजीत येते, काही संकेतस्थळे मात्र उघडतात. शेताच्या उताऱ्यासाठी जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट) निवडली की गावांची यादी रिकामीच राहते. कधी यादी आली तरी छापण्याचे बटण दाबल्यावर काही होत नाही. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ अशा पाट्या दिवसभर येतात आणि वर ‘विंडोज 10 हवे’ अशी पट्टी असते. क्रोम काढून पुन्हा घातला, तरी तेच. दुरुस्ती करणारा म्हणतो, फॉरमॅट मारावे लागेल, आतले काही राहणार नाही. दुकानाचे सगळे काम त्यातच आहे. आणखी एक, पावत्यांवर मधूनच 2011 साल छापून येते. मुलगा दुपारी कॉलेजातून आला की कोपऱ्यातले घड्याळ सरळ करतो, रात्रीत ते पुन्हा बिघडते, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. मी काय करावे?

— एक भगिनी, निपाणी तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला सर्वांत उपयोगी तपशील आपण ‘संबंध नसावा’ असे म्हणून शेवटी लिहिला आहे. संबंध आहे आणि तो थेट आहे. ही घड्याळाची गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याच्या कानावर आधी गेली असती, तर त्यानेही फॉरमॅटचे नाव इतक्या लवकर काढले नसते, असे मला वाटते. आपल्या संगणकात तीन-चार वेगवेगळ्या तक्रारी एकाच वेळी जमा झाल्या आहेत. त्या सगळ्या क्रोमच्या खिडकीत दिसतात, म्हणून क्रोमच बिघडला असे वाटते. त्या एकेक करून सोडवाव्या लागतील, आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा लागेल. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काम झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा फॉरमॅटचाच विषय निघतो.

प्रथम घड्याळ. बँकेच्या, विद्यापीठाच्या किंवा सरकारी खात्याच्या सुरक्षित संकेतस्थळाला एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे त्यातच नोंदलेले असते. ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखा संकेतस्थळे उघडणारा प्रोग्राम, ही मुदत तपासताना संगणकाच्याच घड्याळावर विसंबतो. सप्टेंबर 2020 पासून अशा प्रमाणपत्राला 398 दिवसांहून अधिक मुदत मिळत नाही, आणि ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत 2029 पर्यंत 47 दिवसांवर आणण्याचे ठरलेले आहे. आपल्या संगणकाच्या मते जर 2011 साल चालू असेल, तर आजचे प्रत्येक प्रमाणपत्र पुढे केव्हातरी सुरू होणारे, म्हणजे आज अवैध ठरते. त्यामुळे ब्राउझर दार बंद करतो आणि ते योग्यच करतो. जी काही संकेतस्थळे तरीही उघडतात, ती बहुधा जुन्या, असुरक्षित पद्धतीने चालणारी असावीत. त्यांच्या पत्त्याच्या आधी क्रोम ‘नॉट सिक्युअर’ असे लिहितो, ते एकदा पाहून घ्यावे. इशाऱ्याच्या पानावर खाली ‘ॲडव्हान्स्ड’ नावाचे बटण असते आणि ते दाबून तसेच पुढे जाण्याची सोय काही ठिकाणी मिळते. ती वाट गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी बँकेच्या, पैशांच्या किंवा आधारच्या कामासाठी धरू नये.

घड्याळ रात्रीतच का बिघडते? दुकान बंद करताना आपण मेन स्विच बंद करत असणार, आणि ते बरोबरच आहे. संगणकाला वीजपुरवठा चालू असेपर्यंत, तो बंद केलेला असला तरी, मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट पाटीला, थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालते. मेन स्विच बंद झाला, किंवा रात्री लाईट गेली, की ते काम मदरबोर्डवरच्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर येते. तिच्यावर बहुधा सीआर 2032 असे लिहिलेले असते आणि ती 3 व्होल्टची असते. इतक्या जुन्या संगणकातली ही बॅटरी संपलेली असणे अगदी स्वाभाविक आहे. ती संपली की घड्याळ मदरबोर्डच्या कारखान्यातल्या मूळ तारखेवर जाऊन बसते, आणि आपल्या पावतीवरचे 2011 हे तिथूनच आलेले आहे. भिंतीवरच्या घड्याळांच्या किंवा मोबाइलच्या दुकानातही ही बॅटरी मिळते आणि तिला फार पैसे पडत नाहीत.

बॅटरी बदलताना संगणकाची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डातून पूर्ण काढावी, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घालावा, आणि जुनी बॅटरी कोणत्या बाजूने बसवली आहे याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा; अधिक चिन्हाची बाजू बहुतेक मदरबोर्डांवर वर असते. बॅटरी बदलल्यानंतर पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर एखादी कळ दाबा असा मजकूर येऊ शकतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही. बॅटरी काढल्यावर मदरबोर्डची जुनी सेटिंग्ज पुसली जातात आणि काही संगणक त्यामुळे विंडोजपर्यंत पोहोचतच नाहीत, असा अनुभव दुरुस्ती करणारे सांगतात, आणि तो खरा आहे. आपल्या बाबतीत मात्र ती सेटिंग्ज रोज रात्री पुसली जातच आहेत आणि संगणक तरीही सकाळी चालू होतो, तेव्हा ही भीती बाळगू नये.

यानंतर तारीख, वेळ आणि सालही हाताने लावावे आणि टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असे लिहिलेली ओळ निवडलेली आहे ना ते पाहावे. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवण्याची सोय विंडोजमध्ये आहे, परंतु घड्याळ वर्षानुवर्षे मागे असेल तर ती सोय इतकी मोठी दुरुस्ती करायला सहसा नकार देते. म्हणून आधी हाताने, मग आपोआप. घड्याळ बरोबर झाल्यावर ‘कनेक्शन खासगी नाही’ हा प्रकार बहुतेक ठिकाणी थांबेल. एखाद्या संकेतस्थळावर तो तरीही राहिला, तर कारण वेगळे असू शकते: प्रमाणपत्र देणाऱ्या विश्वासू संस्थांची जी यादी संगणकात असते, ती जुनी झाली असेल. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची जगभरची असंख्य संकेतस्थळे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली, आणि ज्या संगणकांना नवी यादी मिळालेली नव्हती त्यांच्यावर चांगली संकेतस्थळेही अडू लागली. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची यादी स्वतःबरोबर बाळगतो, त्यामुळे तेच संकेतस्थळ त्यात उघडून पाहिल्यास या शंकेचा निकाल लागतो. फायरफॉक्सविषयी पुढे आणखी सांगायचे आहे.

आता उताऱ्याचे काम. होबळी निवडल्यावर गावांची यादी रिकामी राहते, याची चार कारणे संभवतात आणि त्यांपैकी एकाशी आपल्या संगणकाचा काहीच संबंध नाही. म्हणून पहिली चाचणी संगणकावर न करता मोबाइलवर करावी. मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइलच्याच डेटावर तेच संकेतस्थळ उघडावे आणि तीच होबळी निवडावी. तिथेही यादी रिकामी असेल, तर सर्व्हर डाऊन आहे असे समजून गिऱ्हाइकाला दुसऱ्या वेळी बोलवावे. मोबाइलच्या डेटावर यादी आली, तर वायफाय चालू करून दुकानाच्या नेटवर पुन्हा पाहावे. दुकानाच्या नेटवर मोबाइलमध्येही ती येत नसेल, तर राउटर एकदा बंद करून चालू करावा. मोबाइलमध्ये येते आणि संगणकातच येत नाही असे दिसले, तरच संगणकाकडे वळावे. एवढ्याशा चाचणीने पुष्कळ वेळ आणि काही वेळा दुरुस्तीचे पैसेही वाचतात.

संगणकातच दोष आहे असे ठरले, तर माझा पहिला संशय क्रोमच्या भाषांतराच्या सोयीवर आहे. कर्नाटक शासनाची पाने कन्नडमध्ये असतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक मराठी दुकानांत क्रोमला ‘नेहमी मराठीत भाषांतर कर’ असे केव्हातरी सांगून ठेवलेले असते. नुसते वाचायला ही सोय उत्तम आहे. अर्ज भरताना मात्र ती आड येते, कारण क्रोम पानातला मजकूर प्रत्यक्ष बदलतो, आणि ज्या पानाचा पुढचा भाग आधीच्या निवडीवर अवलंबून असतो, तिथे होबळीचे बदललेले नाव पाहून पानाचा आतला हिशेब चुकू शकतो. गावांच्या नावांचेही मग अर्थ लावले जातात आणि पाहणाऱ्याची करमणूक होते, पण उतारा निघत नाही. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला भाषांतराचे चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करून मूळ भाषा निवडावी, पान नव्याने उघडावे, आणि संकेतस्थळाने स्वतःच इंग्रजीची सोय दिली असेल तर ती वापरावी. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा हा क्रम आपल्याला पाठच असेल, त्यामुळे भाषांतरावाचून काही अडणार नाही.

दुसरा संशय साठवलेल्या जुन्या फायलींवर. एकदा पाहिलेल्या पानाचे काही भाग ब्राउझर संगणकातच ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ते लवकर उघडावे. संकेतस्थळ बदलले आणि संगणकात जुना भाग राहिला, की दोहोंचा मेळ बसत नाही. पान उघडे असताना कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्यास ब्राउझर साठवलेला भाग बाजूला ठेवून सर्व काही नव्याने मागवतो. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या यादीत फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ या ओळीवर खूण ठेवून पुसावे. त्याच यादीत पासवर्ड पुसण्याचीही ओळ असते, तिच्यावर चुकूनही खूण राहू देऊ नये. सगळीकडे खुणा करून सगळे पुसून टाकण्याची सवय सायबर कॅफेच्या काळापासून चालत आली आहे. ती दुकानाच्या संगणकाला परवडणारी नाही.

छापण्याचे बटण दाबल्यावर काही होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. उतारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडावी अशी अनेक संकेतस्थळांची रचना असते आणि क्रोम अशा खिडक्या जाहिराती समजून अडवतो. अडवल्यावर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक लहानसे चिन्ह येते, त्यावर सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते दाबून फक्त त्याच संकेतस्थळाला परवानगी द्यावी, सगळ्यांना सरसकट देऊ नये.

कोपऱ्यातल्या व्हायरसच्या पाट्यांकडे येतो, कारण आपल्याला सर्वांत जास्त धास्ती त्यांचीच वाटलेली दिसते. त्या पाट्या संगणक तपासून आलेल्या नाहीत. चित्रपट, निकाल किंवा फुकटच्या फायली देणाऱ्या एखाद्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे कोणीतरी वाचले आणि दाबले. त्या क्षणी त्या पानाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळाली आणि तेव्हापासून ते पान जाहिराती पाठवते आहे. दुकानात खुर्चीवर अनेक जण बसत असतील, तर कोणी दाबले याचा शोध घेण्यात अर्थ नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ असे जावे. परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची नावे तिथे दिसतील. अनोळखी असतील ती सगळी काढावीत आणि वरचा पर्याय असा निवडावा की यापुढे कोणत्याही संकेतस्थळाने परवानगी विचारूच नये. दुकानाच्या संगणकावर एकाही संकेतस्थळाच्या सूचनांची आवश्यकता नसते. पाटीवर क्लिक करून येणाऱ्या पानावर जर ‘कंपनीच्या मदतकेंद्राचा’ फोन नंबर दिसला, तर तो फसवणुकीचाच समजावा. कोणतीही ब्राउझर कंपनी पडद्यावर नंबर झळकावून फोन करायला सांगत नाही. अशा नंबरवर बोलून कोणी आधीच पैसे दिले असतील किंवा संगणकाचा ताबा दिला असेल, तर नेटची वायर काढावी आणि 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी पैसे रोखण्याची शक्यता अधिक राहते.

याच्याच जोडीला एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी साधने, पाहावी लागतील. आपल्यासारख्या दुकानांत ती कुठून येतात याचा मला चांगला अंदाज आहे. बँकेच्या भरतीचा अर्ज फोटो 20 ते 50 केबीमध्येच मागतो, सही 10 ते 20 केबीमध्ये मागतो, गिऱ्हाईक समोर उभे असते, मुदत त्याच रात्री संपणार असते, आणि मग ‘फोटो लहान करा’, ‘पीडीएफ बनवा’ असे शोधून जे पहिले सापडेल ते जोडले जाते. त्यांतली काही साधने प्रामाणिक असतात. बाकीची आपण काय शोधता ते पाहतात, शोधाचे पान बदलतात, दुसऱ्यांच्या पानांत आपल्या जाहिराती घालतात आणि अर्जाची बटणेही अडवतात. ओळखण्याचा मार्ग असा: कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून गुप्त खिडकी उघडावी. आपण मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. जे पान नेहमीच्या खिडकीत अडते आणि गुप्त खिडकीत सरळ चालते, त्याच्या बाबतीत दोष एक्स्टेन्शनचा किंवा साठवलेल्या फायलींचा आहे. क्रोमच्या मेनूमध्ये ‘मोअर टूल्स’ आणि त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ असे जाऊन, ज्याचा उपयोग आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही, ते प्रत्येक काढून टाकावे. फोटो लहान करायला विंडोजमधला पेंट पुरेसा आहे: ‘रिसाइझ’मध्ये टक्केवारी कमी करून जेपीजी म्हणून साठवले की आकार उतरतो.

क्रोम काढून पुन्हा घातल्यावरही तेच का राहिले, हे आता लक्षात आले असेल. क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ या ओळीवर खूण केली नाही, तर आपल्या परवानग्या, एक्स्टेन्शन्स आणि साठवलेल्या फायली संगणकात तशाच राहतात, आणि नवा क्रोम त्यांनाच येऊन मिळतो. ती खूण केली, पण पुन्हा त्याच गुगल खात्याने सिंक, म्हणजे खात्यात साठवलेल्या गोष्टी क्रोममध्ये आपोआप आणण्याची सोय, चालू केले, तर एक्स्टेन्शन्स खात्यातून परत येतात. फॉरमॅटच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. फॉरमॅटने बॅटरी बदलत नाही, विंडोज 7 नवे होत नाही, आणि सिंकमधून आलेली घाण पहिल्याच दिवशी परत येऊ शकते. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला नम्रपणे थांबायला सांगावे.

एक तक्रार मात्र दुरुस्तीने जाणारी नाही. क्रोमच्या वर येणारी ती पट्टी खरी आहे. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला, आणि विंडोज 7 वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 109 ही जानेवारी 2023 मध्ये आली. तेव्हापासून आपला क्रोम तिथेच थांबला आहे. संकेतस्थळे बनवणारे नव्या ब्राउझरच्या भरवशावर नवी तंत्रे वापरत जातात, त्यामुळे दर महिन्याला एखादे पान अर्धेच उघडेल, एखादे बटण मुके राहील. गावांच्या रिकाम्या यादीचे चौथे कारण हेच असू शकते. मायक्रोसॉफ्टचा एज हाही विंडोज 7 वर 109 लाच थांबलेला आहे आणि इंटरनेट एक्स्प्लोरर 15 जून 2022 रोजी निवृत्त झाला, त्यामुळे तिकडे जाऊन उपयोग नाही. तात्पुरता मार्ग फायरफॉक्सचा आहे. त्याची 115 ही जुलै 2023 मध्ये आलेली आवृत्ती विंडोज 7 वर चालते, आणि तिच्या ‘ईएसआर’ म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या प्रकाराला सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेने एकाहून अधिक वेळा वाढवली. ती मोझिलाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी, कोणाच्या पेन ड्राइव्हवरून नाही.

हा मार्ग काही काळापुरताच आहे, हे स्पष्टपणे सांगतो. आपण केवळ स्वतःचे काम करत असता तर मी एवढा आग्रह धरला नसता. परंतु आपल्या संगणकावर दुसऱ्यांचे आधार, दुसऱ्यांची बँक खाती आणि दुसऱ्यांच्या मुलांचे प्रवेश अर्ज उघडतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर ते करणे योग्य नाही. नवा संगणक येईपर्यंत पैशांचे व्यवहार निदान अद्ययावत मोबाइलवरून करावेत. विंडोज 10 घालून भागेल का, असे आपण विचाराल. त्याचाही सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा जुन्या यंत्रावर त्यासाठी पैसे घालण्याचा सल्ला मी देणार नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही संगणकातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. 2011 च्या सुमाराचे यंत्र त्यात बसत नाही. निपाणी, बेळगाव किंवा कोल्हापूर येथे वापरलेले संगणक घेताना विक्रेत्याला प्रोसेसरची पिढी विचारावी आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, आहे ना हे पाहावे. ज्यांना खर्च टाळायचा आहे, त्यांच्यासाठी लिनक्स मिंट हा विंडोजला मोफत पर्याय आहे, आणि तो न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतो. पण आपला प्रिंटर, स्कॅनर आणि बोटाचे ठसे घेणारे यंत्र असेल तर तेही त्यावर चालते का, हे पाहिल्याशिवाय दुकान त्यावर सोपवू नये.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगतो. गिऱ्हाइकाचे काम करताना क्रोममध्ये उजवीकडे वरच्या गोल चित्रावर क्लिक करून ‘गेस्ट’ खिडकी उघडावी. ती बंद केली की त्यातली लॉगिन, इतिहास आणि साठवलेल्या फायली सगळ्या जातात, आणि एक्स्टेन्शन्स तिथे चालतच नाहीत, त्यामुळे अर्ध्या तक्रारी उद्भवणारही नाहीत. आपल्याकडे सकाळी सेवा सिंधू या कर्नाटक शासनाच्या सेवांच्या संकेतस्थळावर एखादा दाखला आणि दुपारी महाराष्ट्रातल्या महाविद्यालयाचा प्रवेश, असे दोन राज्यांचे काम एकाच खुर्चीवर चालते. एका माणसाचे लॉगिन उघडे राहून दुसऱ्याचा अर्ज त्यात भरला जाण्याचा घोटाळाही याने टळतो. गेस्ट खिडकीतून उतरवलेल्या फायली मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये राहतात. आधारच्या आणि पासबुकाच्या प्रती तिथे साठत जातात, त्या रोज संध्याकाळी दुकान बंद करताना पुसाव्यात आणि रिसायकल बिनही रिकामा करावा.

यातले काहीही सुरू करण्याआधी एका पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि दुकानाच्या हिशेबाचे फोल्डर उतरवून घ्यावे. क्रोममधल्या बुकमार्कची फाइल ‘बुकमार्क मॅनेजर’मधून ‘एक्स्पोर्ट’ करता येते. साठवलेले पासवर्डही सेटिंग्जमधून बाहेर काढता येतात, पण ती फाइल उघडणाऱ्या कोणालाही सगळे पासवर्ड सरळ वाचता येतात. म्हणून ती नव्या संगणकात किंवा फायरफॉक्समध्ये घालून झाली की लगेच पुसावी, आणि गिऱ्हाइकांचे पासवर्ड त्यात आढळले तर ते क्रोममधूनही काढून टाकून त्या त्या माणसाला पासवर्ड बदलायला सांगावे. बॅटरी बदलल्यानंतरही सकाळी घड्याळ मागे जात असेल, तर दोष बॅटरीच्या खाचेत किंवा मदरबोर्डमध्ये आहे. त्यावर पैसे घालू नयेत, ते नव्या यंत्राकडे वळवावेत.